टकल्याचा डावा खांदा

मास्तरांना माणूस पाठीकडून ओळखू यायचा. तोंड पाहून काय हो, कुणीही ओळखेल! पण मास्तर पडले शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी टेप धरलेली, त्यामुळे चेहऱ्यांशी त्यांचा संबंध यथातथाच. एकदा बसस्टँडवर भर गर्दीत लांब चाललेली एक पाठ पाहून ते ओरडले, “अहो हेडक्लार्क! खिसा उसवला की काय पुन्हा?” पाठ वळली, तर खरोखरच हेडक्लार्क, बारा वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेले. वजन दुप्पट झालेलं, केस गेलेले, पण उजव्या खिशात हात खुपसून चालायची खोड तश्शीच. त्या माणसाने मास्तरांना मिठीच मारली. मास्तरांना त्याचं नाव मात्र शेवटपर्यंत आठवलं नाही. बायकोला या गुणाचं फारसं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, “मी समोरून आले तर हे मला ‘कोण हवंय’ विचारतील.”

दुकान म्हणजे एक लांबट खोली. निम्मी खोली कापायच्या टेबलाने खाल्लेली. दोन मशीनं, एक जड इस्त्री, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागदाचे साचे, आणि कडा काळवंडलेला एक उंच आरसा. ट्रायलच्या कोपऱ्याचा पडदा अर्ध्यावर अडकायचा. तो नेमका कसा ओढायचा हे फक्त घरच्यांना माहीत होतं. आणि टेबलाच्या खणात मापाची वही. या वहीत छाती-कंबर-उंचीच्या आकड्यांपुढे बारीक अक्षरात खुणा असायच्या. ‘उ. खां. अर्धा खा.’ म्हणजे उजवा खांदा अर्धा इंच खाली. ‘पा. गो.’ म्हणजे पाठ गोल. ‘पो. आ. घे.’ म्हणजे पोट आत घेतो, तेव्हा कमरेत गुपचूप एक इंच वाढवा. ही शेवटची खूण जवळजवळ प्रत्येक पानावर होती, बायकांच्याही आणि पुरुषांच्याही.

या खुणा मास्तर तोंडाने कधी उच्चारत नसत. ज्यांच्याकडे ते तेराव्या वर्षी शिकायला राहिले, त्या म्हाताऱ्या शिंप्याला सगळे कोटवाले म्हणत. कोटवाल्यांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता: माप मोठ्याने सांगायचं, वैगुण्य लिहायचं. छत्तीस, चाळीस, साडेसतरा, खुशाल ओरडा. पण कुणाचा खांदा पडलेला आहे, कुणाला पाठीला बाक आहे, कुणाचा एक पाय आखूड आहे, हे टेपला कळलं, वहीला कळलं, बास. कोटाच्या आत थोडा कापूस जास्त भरायचा, एका बाजूचं अस्तर उचलून घ्यायचं आणि मूग गिळून गप्प बसायचं. मास्तरांनी हा नियम इतका पाळला की लांबलांबचे वाकडे-तिकडे लोक त्यांच्याकडे यायला लागले. का येतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. आपला हात चांगला आहे म्हणून येत असतील, एवढंच त्यांना वाटायचं.

तो हातच आता दगा देत होता. उजव्या अंगठ्याचं मूळ. चाळीस वर्षं कात्री चालवून सांधा झिजला, डॉक्टर म्हणाले. शिवण चालेल, इस्त्री चालेल, जाड कापड कापणं बंद. आता शिंप्याला कापणं बंद म्हणजे राहिलं काय? राहिली होती लेक. ती दुकानातच वाढली होती, चौदाव्या वर्षी तिने पहिली पँट कापली, आणि कापताना तिची कात्री अडायची नाही, एका दमात कमरेपासून खालपर्यंत जायची. मास्तरांनी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. फक्त तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिचं वेगळंच काही चाललेलं. तिला कॉम्प्युटरवर माणसं हलवायला शिकायचं होतं. म्हणजे कार्टून, असं मास्तर म्हणाले. म्हणजे ॲनिमेशन, असं ती म्हणाली, कॅरेक्टर ॲनिमेशन, एक वर्षाचा कोर्स. घरात आठवडाभर भांड्यांचे आवाज जरा जास्तच झाले. शेवटी पोस्टाच्या काउंटरवर पंचवीस वर्षं लोकांची भांडणं सोडवलेल्या तिच्या आईने तोडगा काढला. “एक वर्ष. शेवटचा प्रोजेक्ट पास झाला तर तिची वाट मोकळी. नापास झाला, तर मुकाट्याने कात्री हातात घ्यायची. कबूल?” लेक म्हणाली कबूल. मास्तर म्हणाले कबूल. आणि मनात म्हणाले, बघू किती दिवस टिकतंय हे खूळ.

पहिले दीड महिने त्या लोकांनी तिला नुसता चेंडू उडवायला लावला.

“चेंडू?” मास्तर म्हणाले. “दीड महिना? अगं, आपल्या गल्लीतली पोरं फुकटात शिकतात.”

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर तीन करडे चेंडू होते, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. ते वरून पडले, उडाले, थांबले. “यातला जड कोणता?”

“मधला,” मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाले. “लोखंडी आहे. तो रबरी. आणि तो कडेचा तर फुगा आहे, त्यात काय विचारायचं?” मग ते थबकले. त्यांनी टाचण्या काढल्या. चष्मा लावला. “थांब. हे दिसायला तर सारखेच आहेत. मला कळलं कसं?”

“तेच तर!”

“पण यात वजन आलं कुठून?”

“वजन नाहीच आहे, बाबा. तिथे काहीच नाही. नुसता वेळ आहे. किती लवकर पडतो, खाली किती टेकतो, परत वर यायला किती वेळ घेतो. तेवढंच मी ठरवलंय.”

मास्तरांनी ते तीन चेंडू अकरा वेळा पाहिले. पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं राहून खाकरलं, तेव्हा ते भानावर आले. त्या दिवशी घरी जाताना पायरीवरून उतरताना त्यांनी स्वतःचा गुडघा किती वाकतो हे पाहिलं. अरे देवा, किती वाकतो! आयुष्यभर आपण हे करतोय आणि आपल्याला पत्ताच नाही!

चेंडूनंतर आला टकल्या. टकल्या म्हणजे कोर्सवाल्यांनी सगळ्या बारा विद्यार्थ्यांना दिलेला एकच तयार बाहुला. करडा, गुळगुळीत, डोक्यावर केस नाही, अंगावर कपडा नाही, तोंड म्हणजे दोन डोळे आणि एक रेघ. कपडा नाही याचं मास्तरांना वाईट वाटलं. त्याला हलवायचं कसं तर एका सेकंदाला चोवीस चित्रं.

“इंचाला चोवीस टाके घातले तर कापड फाटेल,” मास्तर म्हणाले.

“सगळे मी नाही घालत. मोठ्या जागा मी ठरवते, मधलं कॉम्प्युटर भरतो. आणि तो जे भरतो ते बहुतेक चुकीचंच असतं. मग बसून उसवायचं.”

उसवायचं! हे मात्र मास्तरांना पटकन कळलं. जिथे उसवावं लागतं ते काम खरं असणार, असं त्यांचं मत होतं. त्या दिवसापासून त्यांनी कार्टून हा शब्द सोडला. बायकोने हे बरोबर टिपलं आणि लेकीकडे पाहून डोळा मारला.

शेवटचा प्रोजेक्ट होता चाळीस सेकंदांचा. हो, वर्षभराचा हिशेब चाळीस सेकंदांत! टकल्या तोच, बोलायचं नाही, एक छोटी गोष्ट हालचालीतून दाखवायची. बाहेरून दोन परीक्षक येणार आणि ते ठरवणार. लेकीने गोष्ट घेतली बस चुकलेल्या माणसाची. धावत येतो, बस गेलेली, दोन्ही हात डोक्याला लावतो, बाकावर बसतो. तीन आठवडे राबून तिने ती केली, आणि तिच्या सरांनी दोनदा पाहून एवढंच सांगितलं, “हलतोय. पण जिवंत नाही.”

“का नाही जिवंत?” तिने विचारलं.

“ते तू शोधायचं,” सर म्हणाले. काही शिक्षकांना हे फार आवडतं.

तिने शोध शोध शोधलं. धावण्याचा वेग बदलला, बाक बदलला, बस लाल केली. जेवताना तिचं लक्ष ताटात नसायचं. शेवटी एका दुपारी तिने लॅपटॉप दुकानात आणला. “बाबा, तुम्ही बघा. सर म्हणतात, हलतोय, पण जिवंत नाही. काय चुकतंय?”

मास्तरांना पहिल्या चार पावलांतच दिसलं. अगदी लख्ख दिसलं. टकल्याचं डावं पाऊल आणि उजवं पाऊल तंतोतंत एक होतं. दोन्ही खांदे एका रेषेत. दोन्ही हात एकाच क्षणी वर, एकाच क्षणी डोक्याला, एकाच क्षणी खाली. असा माणूस चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानाची पायरी चढला नव्हता. प्रत्येकाचं काहीतरी खाली असतं, काहीतरी पुढे असतं. हा टकल्या कुणीच नव्हता. शब्द अगदी जिभेवर आले होते. आणि नेमका त्याच वेळी उजवा अंगठा ठणकला.

“छान आहे की,” मास्तर म्हणाले, आणि काज करायला घेतलेला शर्ट हातात घेतला.

आता इथे मास्तरांची बाजू घ्यायची तर घेता येईल. त्यांनी स्वतः घेतलीच. आपण कधी कुणाचं वैगुण्य तोंडावर सांगितलंय? नाही ना? कोटवाल्यांनी काय शिकवलं? मग पोरीचंच कशाला सांगायचं? शिवाय शिकवणारे तिथे पगार घेऊन बसलेत, त्यांनी सांगावं. शिवाय आपल्याला त्यातलं काय कळतं? अशी एकेक घडी घालून त्यांनी ती गोष्ट मनाच्या तळाशी ठेवून दिली. पण खरं काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. ती नापास झाली तर दुकान वाचत होतं. साधी, सरळ, लाज वाटावी अशी गोष्ट होती ती.

आठ दिवस मास्तरांची अळीमिळी गुपचिळी. त्या आठ दिवसांत लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं. बाथरूममधून नळाचा आवाज जरा जास्त वेळ यायला लागला. बायकोने एकदा चहा पुढे ठेवत सरळच विचारलं, “तुम्हाला काहीतरी दिसलंय. तुमचं तोंड मी ओळखते, तुम्ही माझं ओळखत नसाल. बोला ना तिला.”

“मला काय कळतं त्यातलं,” मास्तर म्हणाले, आणि चहा न फुंकताच प्यायले. जीभ भाजली.

नवव्या दिवशी सकाळी लेक आपणहून दुकानात आली. लॅपटॉप नव्हता. तिने टेबलावर पसरलेलं पँटचं कापड पाहिलं, खडूच्या रेघा पाहिल्या, कात्री उचलली आणि कापायला लागली. मास्तर मशीनवर होते. त्यांचा पाय थांबला. तिने सुंदर कापलं. कुठे अडखळली नाही, कुठे रेघ सोडली नाही, शेवटपर्यंत एका सुरात कात्री गेली. मास्तरांना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. एवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं! पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात हलत होते, कोपर हलत होतं, आणि त्यात पोरगी कुठेच नव्हती. सरांचं ते वाक्य त्यांच्या डोक्यात आपोआप वाजलं.

“ठेव ती कात्री,” ते म्हणाले.

“का? चुकलं का काही?”

“तुझा टकल्या दोन्हीकडून सारखा आहे.”

तिला कळलं नाही. मास्तर उठले, दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तिला रस्त्यावरची माणसं दाखवायला लागले. तो बघ, पिशवी नसतानाही पिशवीच्या बाजूला कलतो. ती बाई बघ, उजवा पाय टाकते आणि डावा नुसता ओढून घेते. तो पोरगा बघ, कसा ऐटीत चाललाय, पण एक हात हलतो आणि दुसरा हलतच नाही. “दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस मी अजून पाहिला नाही गं. तू कुठून आणलास?”

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. “मिरर!” ती ओरडली.

मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे एक बटण होतं. डाव्या बाजूचं पाऊल नीट जमवलं की ते बटण दाबायचं. कॉम्प्युटर तेच उजवीकडे उलटं छापून देतो. निम्मी मेहनत वाचते. वर्गातले सगळेच करत होते. तिने तर हातांनाही तेच केलं होतं.

“म्हणजे माणूस आणि त्याचा आरसा एकत्र शिवलास होय!” मास्तर म्हणाले. त्यांना हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. त्यांनी खणातून वही काढली. जी वही त्यांनी बायकोलाही कधी वाचू दिली नव्हती ती उघडून, नावांवर अंगठा ठेवून, ते एकेक खूण वाचत गेले आणि लेक ऐकत राहिली. पान उलटलं की नवा माणूस. तिचे डोळे मोठे होत गेले. “हे सगळे… हे सगळे आपल्या गावातले आहेत?”

“बरेचसे. रोज तुझ्यासमोरून जातात.”

“बाबा, हे तुम्हाला कधी दिसलं? माझ्या टकल्यातलं?”

मास्तरांनी वही मिटली. “आत्ता,” ते म्हणाले. “आत्ताच सुचलं.”

हातात एकोणीस दिवस होते. लेकीने बसची गोष्ट पुसून टाकली, आख्खी, आणि नवी सुरू केली. काय करतेय ते कुणाला सांगेना. खोलीचं दार लावून कपाटाच्या आरशासमोर हात वर-खाली करायची आणि मोबाइलवर स्वतःचंच शूटिंग घ्यायची. त्यांच्याकडे तशी पद्धतच होती, आधी स्वतः करून बघायचं, मग टकल्याकडून करून घ्यायचं. आई दाराच्या फटीतून पाहून आली आणि म्हणाली, “ती कपाटाला शरण जातेय.” मास्तरांना आता रात्रंदिवस एकच लागून राहिलं होतं, की ती पास व्हावी. आपण खाल्लेले ते आठ दिवस तिला कमी पडू नयेत. अंगठा ठणकायचा तेव्हा ते त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

प्रोजेक्ट दाखवण्याचा दिवस आला. कॉलेजच्या एका हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, खिडक्यांना काळे पडदे, पुढे दोन परीक्षक, एक जाड बाई आणि एक दाढीवाला. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता आणि त्यात ते घामाघूम झाले होते. बारा प्रोजेक्ट होते. लेकीचा नंबर नववा.

दिवे गेले आणि टकल्या आला. पहिला टकल्या चोर होता. दाराला कान लावताना त्याची पाठ अशी काही ताणली की मास्तरांनी श्वास धरला. पुढच्या प्रोजेक्टात तोच टकल्या आला आणि तो साठीचा होता! तोच करडा रंग, तेच गुळगुळीत डोकं, एक सुरकुती नाही, आणि तरी साठीचा. खुर्चीतून उठताना त्याने आधी मांड्यांवर हात टेकले, एक क्षण थांबला, मग उठला. त्यापुढचा टकल्या तर आई होती, झोपलेलं मूल मांडीवरून खाली ठेवणारी. मूल दाखवलंच नव्हतं, नुसते हात होते, पण हॉलमध्ये कुणी खोकलं असतं तर मास्तर त्याच्यावर धावून गेले असते. “अगं, एकच बाहुला आहे,” ते बायकोच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत होते. “एकच! आणि प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी आत येतो!” बायको म्हणाली, “हळू बोला.” पण तिनेही त्यांचं कोपर घट्ट धरलं होतं. मास्तरांना वाटलं, आपण कापड बदलून माणूस वेगळा दाखवत आलो, आणि ही पोरं कापड नसताना, चेहरा नसताना, नुसत्या हलण्यातून माणूस उभा करतायत. विशी-बाविशीची पोरं! हे यांना दिलं कुणी?

नववा नंबर आला. मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

टकल्या आत आला. त्याचा डावा खांदा पडलेला होता. चांगला दोन बोटं. उजवा हात त्याने पोटावरून आडवा आणून डावा दंड धरला होता, सहज धरल्यासारखा, पण ते सहज नव्हतं. तो मधोमध येऊन उभा राहिला. मग त्याने हळूच दोन्ही हात बाजूला उचलले, आधी उजवा, जरा वेळाने, नाइलाजाने, डावा. हॉलमध्ये कुणाला काही कळेना. मग त्याने एकदम पोट आत घेतलं, आणि सगळा हॉल खो खो हसला. कळलं सगळ्यांना! माप घेतलं जात होतं. शिंपी दिसतच नव्हता. पडद्यावर दुसरं कुणी नव्हतं, टेप नव्हती, काही नव्हतं. पण काखेखालून टेप गेली तेव्हा टकल्याला गुदगुल्या झाल्या, गळ्याशी बोटं आली तेव्हा त्याने हनुवटी उचलली, आणि कुठल्या क्षणी शिंपी कुठे उभा आहे हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं.

मग तो न दिसणारा शिंपी पाठीमागे गेला. पडलेल्या खांद्यावर त्याचा हात पडला असावा, कारण टकल्या गोठला. डोळे घट्ट मिटले. मान थोडी आत गेली. तो वाट पाहत होता. आता हा बोलणार. आत्तापर्यंत सगळे बोललेत, आता हाही बोलणार. एक सेकंद. दोन. कुणीच काही बोललं नाही. टकल्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि त्याची छाती हळूहळू खाली आली, इतक्या सावकाश, की मास्तरांच्या लक्षात आलं, आपणही आत्ताच श्वास सोडला.

तो वळला आणि निघाला. जाताना त्याचा डावा खांदा वर आला, जवळजवळ सरळ झाला, आणि तो ताठ चालत बाहेर गेला.

टाळ्या पडल्या. मास्तरांच्या हातांना टाळी वाजवायचं सुचेना. चाळीस वर्षं ते पाठीमागे उभे होते. समोर काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तो चेहरा त्यांना माहीतच नव्हता! लेकीला माहीत होता. शाळा सुटली की ती आरशाला पाठ टेकून, पाय पसरून, गिऱ्हाइकाच्या बरोब्बर समोर बसायची आणि पाढे म्हणायची. एवढीशी पोर पाढे म्हणता म्हणता हे सगळं पाहत होती. आणि लोक लांबून का यायचे ते मास्तरांना आज, साठीला टेकल्यावर, एका टकलू बाहुल्याने सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. बायकोने रुमाल दिला, आणि तिलाही तो लागत होता म्हणून परत घेतला.

निकाल तासाभराने लागला. लेक पास, आणि नुसती पास नाही. दाढीवाल्या परीक्षकाने तिला स्टुडिओत बोलावलं, दुसऱ्या शहरात, पुढच्या एक तारखेपासून. “ज्याला दाखवलंच नाही त्या माणसाला सलाम सांगा,” तो म्हणाला. लेकीने मास्तरांकडे बोट केलं. तो पुढे येऊन हात मिळवायला लागला तेव्हा मास्तरांनी अंगठा दुखत असूनही हात दिला. त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्या पडद्यावर त्यांचं न बोलणं एवढं मोठं, एवढं दयाळू दिसलं होतं, आणि त्याच न बोलण्याने त्यांनी पोरीचे आठ दिवस खाल्ले होते.

हॉलबाहेरच्या जिन्यापाशी त्यांनी तिला गाठलं. बायको थोडी मागेच राहिली.

“मला आत्ता सुचलं नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“दोन्ही बाजू सारख्या आहेत ते. तू पहिल्यांदा दाखवलंस तेव्हाच दिसलं होतं. पहिल्या चार पावलांत. मी मुद्दाम गप्प बसलो. तू नापास व्हावीस म्हणून. दुकानासाठी.”

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. यावेळी मास्तर समोर उभे होते, त्यामुळे ते जाताना त्यांना पूर्ण दिसलं.

“आठ दिवस?” ती म्हणाली.

“आठ.”

“पाचव्या दिवशी मी सरांना म्हटलं होतं, माझं नाव काढून टाका. मला वाटलं माझ्यात नाहीच आहे ते. मला वाटलं…” तिचा आवाज फुटला. ती पायरीवर बसली आणि लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरून रडली. मास्तर उभे राहिले. त्यांनी माफ कर म्हटलं, दोनदा. ती ऐकतेय की नाही कळेना. माणसं जिन्यावरून अंग चोरून जात होती.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. “माझ्याशी पुन्हा असं गप्प बसायचं नाही.”

“नाही बसणार.”

“शपथ नको. आत्ता सांगा. आज जे दाखवलं त्यात काय चुकलंय?”

“आज? अगं, आज तर…”

“बाबा.”

मास्तरांनी जिना पाहिला, छत पाहिलं. वैगुण्य तोंडावर सांगायचं, आणि तेही आज, आणि तेही हिला! पण दिसलं होतं. शेवटच्या तीन सेकंदांत दिसलं होतं, आणि टाळ्या पडत असतानाही ते त्यांना टोचत होतं.

“जाताना तू त्याचा खांदा सरळ केलास,” ते म्हणाले. “तो सरळ होत नाही गं. हाडाचं असतं ते. कितीही बरं वाटलं तरी तो खांदा तिथेच राहतो.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. “मग काय होतं?”

“काही होत नाही. तो विसरतो. आत येताना हाताने झाकून धरला होता ना? जाताना तो हात सोड त्याचा. खांदा तसाच पडलेला राहू दे. हात मोकळा हलला की झालं.”

तिने पिशवीची चेन उघडली, लॅपटॉप काढला आणि तिथेच पायरीवर मांडीवर ठेवला. टकल्या पडद्यावर आला, शेवटच्या चालीशी थांबलेला. तिने त्याचा खांदा पकडून पुन्हा दोन बोटं खाली आणला.

“एवढा?”

“अजून जरा.”

“आणि? अजून काय चुकलंय?” तिने डोळे पुसत, पण पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

मास्तर तिच्या शेजारी बसले. “सांगतो,” ते म्हणाले. “बरंच आहे.”